पाणी संपल्यानंतरची भिंत

शैला, काकू, आणि एवढ्या उन्हात इथवर आलेले तुम्ही सगळे.

मला बोलायला लावू नका, असं मी कालच सांगितलं होतं. पण शैला म्हणाली, "ताई, तुम्हीच बोला. आमच्या ह्यांचं काम काय होतं ते मला लोकांना सांगता येत नाही." शैला, मलाही येत नाही गं. तरी बघते.

मी नीलिमा. दिगू आणि मी इथल्याच विद्यापीठात नाटक शिकलो. पुढं मी दिग्दर्शन करायला लागले आणि त्यानं कॅमेरा धरला. मंगळवारी क्रांती चौकातून त्याचा फोन आला. मागं हॉर्नचा गोंधळ. म्हणाला, "नीलू, रविवारी भिंत उरकून टाकू." बुधवारी सकाळी त्याचं हृदय थांबलं.

आज रविवार आहे.

कसली भिंत, ते सांगते. त्यातच त्याचं काम आलं.

एका दुष्काळाच्या साली आम्ही एक फिल्म करत होतो. त्यात एक प्रसंग होता. मुलाचं लग्न ठरत नाही, कारण गावात पाणी नाही. पाणी नाही तिथं मुलगी कोण देणार? एक दिवस मुलीचे वडील घर बघायला येतात. घरात शेवटचं पातेलंभर पाणी उरलंय. मुलाची आई त्यातूनच पाहुण्यांच्या पायावर पाणी घालते, प्यायला देते, चहा ठेवते. आणि हसून बोलत राहते. पाहुण्यांना काही कळता कामा नये.

मी दिगूला म्हणाले, तिच्या चेहऱ्यावर चांगला उजेड दे, डोळ्यातलं पाणी दिसू दे.

तो म्हणाला, "नाही. चेहरा अंधारात ठेवू. चेहरा खोटं बोलतोय. खरं दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे."

शहराबाहेर एक वस्ती होती, तिथं गयाबाईंचं घर आम्ही वापरायला घेतलं होतं. गयाबाई आज आल्यात, त्या मागं बसल्यात. दिगूनं त्यांच्याकडं पातेलंभर पाणी मागितलं. त्यांनी विचारलं, "प्यायला?" हा म्हणाला, "नाय मावशी, उजेडाला." गयाबाई लई हसल्या होत्या. म्हणाल्या, "घे बाबा. पण सांडू नको, माघारी रांजणात वतायचंय."

त्यानं आतून काळं पडलेलं जर्मनचं पसरट पातेलं निवडलं. चकचकीत नको होतं, म्हणजे चमकेल ते फक्त पाणीच. पातेलं दारातल्या उन्हात ठेवलं. आणि आईच्या मागच्या भिंतीवर उजेड हलायला लागला. पाण्यावरून उडालेला, थरथरणारा उजेड. तिनं तांब्या बुडवला की तो हादरायचा. पाणी कमी होईल तसा तो आक्रसत जायचा. पुढं आई हसतेय, पाहुणे आंब्याच्या झाडाबद्दल बोलतायत, आणि मागं भिंतीवरचं पाणी संपत चाललंय. कुणी पाण्याचा शब्द काढत नाही. मी लिहिलेले सगळे संवाद त्यानं त्या एका पातेल्यापुढं फिके पाडले. मला राग आला होता. मग मॉनिटरवर बघितलं आणि संवादांची पानं मिटली.

शेवटचा शॉट राहिला. पातेलं उपडं होतं, उजेड जातो, आणि नुसती भिंत उरते. दिगू म्हणाला, "ही भिंत लांबवायची. ज्यानं आधी उजेड बघितलाय, त्यालाच दिसेल की काय गेलंय."

तेवढ्यात आभाळ आलं. दुपारनंतर पाऊस. सगळी वस्ती अंगणात नाचत होती, आम्हीही नाचलो. फिल्म अडकली ती तेव्हाच. पुढच्या खेपेला गेलो तर सगळीकडं हिरवळ, धूळ बसलेली, ऊन वेगळंच. जुळेना. मग पैसे संपले, वर्षं गेली. पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही धावत गेलो. पण शहर आमच्या आधी तिथं पोचलं होतं. गयाबाईंच्या दारासमोर चार मजली बिल्डिंग. दारात ऊनच नाही. टँकर मात्र तोच.

मी म्हणाले, "अरे, आपल्याला तर अंधारी भिंतच हवीय. घे ना उरकून." त्यानं भिंतीकडं बघितलं. म्हणाला, "पाणी संपून गेलेला उजेड वेगळा, आणि बिल्डिंगनं अडवलेला वेगळा. हा अंधार आपल्या प्रसंगातला नाही गं."

काय करायचं अशा माणसाचं?

शेवटी तो तयार झाला. कुणाच्या तरी गोदामात भिंत उभी करायची, ऊन दिव्यांनी आणायचं. कुठला दिवा कुठं, कसा, किती, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. ते डोकं आम्ही बुधवारी जाळून आलो.

काल मी गोदामात गेले. दिवे आहेत, भिंत आहे. पातेलंसुद्धा आहे, गयाबाईंनी दिलेलं. मी दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. नुसती भिंत दिसत राहिली. सगळे विचारतात, आता फिल्मचं काय? मला माहीत नाही. दुसरा कॅमेरामन मिळेल. पण तो मला विचारेल, उजेड कुठून जाऊ दे? मी काय सांगू? मला फक्त एवढंच कळतं की तो होता.

आता श्रद्धांजलीला आपण उभं राहायचंय. फोटोकडं बघू नका. फोटोच्या मागं बघा. ही भिंत दिगूनं स्वतःच्या हातानं पांढरी केली होती, दर रविवारी आपल्याला इथं फिल्म दाखवायला. तुम्ही सगळ्यांनी इथं उजेड हललेला बघितलाय. म्हणून तुम्हाला सांगते, भिंतीकडं बघा.

तो नेहमी म्हणायचा, "नीलू, तू लवकर कट म्हणतेस. थांब की जरा."

दिगू, आज मी थांबते. पुरे झालं असं वाटलं की तुमच्यापैकी कुणीतरी म्हणा. मला म्हणता यायचं नाही.