दुसरी बाटली

भाची: मला नाही येत नीलगिरीचा वास, मामा. तीनदा हुंगलं.

मामा: आधी ग्लास फिरव. चहा ढवळल्यासारखा नव्हे, मनगटाने. ऑस्ट्रेलियाची लाल वाइन आहे बाई, तीही वरच्या दर्जाची. आधी नीलगिरी येते, मग पिकलं जांभूळ, मागाहून चॉकलेट.

भाची: फिरवला. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. तळघरात भिजलेलं खोकं असतं ना, तसा.

मामा: दोन महिने झाले या हॉटेलात माझ्या हाताखाली येऊन, आणि तुझ्या नाकाला सापडलं काय, तर खोकं. सकाळी अत्तर लावलंस?

भाची: ते तुम्हीच बंद करायला लावलंत. साबणसुद्धा बिनवासाचा वापरते.

मामा: मग सर्दी असेल. लिही. रंग गर्द, कडेला विटकरी छटा.

भाची: रंग पटला. तुरटपणाही पटला, हिरड्या कोरड्या पडल्या. भांडण फक्त वासाचं आहे.

मामा: चूळ बादलीत टाक, गिळू नकोस. आणि भांडण कसलं? दुपारी मालक माझा शेरा वाचतील. वर्षभर ही पाहुण्यांपुढे जाणार की नाही, ते त्यावर ठरणार. एकवीस वर्षांत माझा शेरा कधी चुकला नाही.

भाची: म्हणूनच म्हणते, दुसरी उघडू. नमुन्याला दोन बाटल्या आल्यात.

मामा: हातच्या कांकणाला आरसा कशाला?

भाची: उघडू द्या ना. माझंच नाक चुकत असेल तर आजच कळू दे.

(ती दुसरी बाटली उघडून नव्या ग्लासात ओतते.)

भाची: अगंबाई, आली की नीलगिरी. जांभूळही. तुम्ही म्हणालात त्याच क्रमाने.

मामा: बघ. कधीचा सांगतोय.

भाची: पण पहिलीत अजून पुठ्ठाच आहे. तिचं बूच खराब निघालं, मामा. खराब बुचाने वाइनला असा वास लागतो, हे पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलंत. थांबा, तुम्ही पाठ फिरवा. दोन ग्लास भरून देते, न बघता सांगा.

मामा: आता तू माझी परीक्षा घेणार? बरं, भर.

भाची: हे घ्या. पुठ्ठ्याचा कुठला?

मामा: हं. डावा.

भाची: रागावू नका. दोन्ही दुसऱ्याच बाटलीतले आहेत.

मामा: हुशार झालीस.

भाची: कधीपासून, मामा?

मामा: मागे मला ताप आला होता ना, तेव्हापासून. आठ महिने. कांदा चिरला तर डोळ्यांना पाणी येतं, नाकाला पत्ताच नसतो.

भाची: मग इतके शेरे?

मामा: जुन्या वह्या आहेत. कुठल्या बागेची वाइन कशी असते, ते पाठ आहे. आजवर निभावलं. खराब बूच मात्र पाठांतरात नसतं.

भाची: आईला तर म्हणालात, पोरीला काम शिकवतो.

मामा: सहा वर्षांची होतीस तेव्हा, दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगायचीस तू. ते लक्षात होतं.

भाची: आणि दोन महिने त्याच नाकाला नावं ठेवलीत. मला हे जमणारच नाही असं वाटायला लागलं होतं. सोमवारी सोडून जाणार होते मी.

मामा: चुकलं माझं. तू बरोबर सांगितलंस की भीती वाटायची. मग माझं इथे काय उरलं?

भाची: शेरा कोण लिहिणार आता?

मामा: तू. खाली सहीही तुझी. मालकांना मी स्वतः सांगतो, जेवणाआधी. हे घे पेन.

भाची: थांबा. यात आणखी एक वास आहे. अगदी शेवटी येतो. तुमच्या वहीत नसेल.

मामा: कसला?

भाची: नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्याचा. अजून गरम असतो ना, तेव्हाचा.

मामा: हळू सांग. मला आठवायला वेळ लागतो.