मोरेश्वररावांची ठेव आणि मेथीची भाजी

सावरून बसा मंडळी! मागच्या भिंतीला टेकलेले, तुम्हीसुद्धा! आधी एक प्रश्न. ठेव कशाला म्हणायचं? आपण ठेवली तिला, की मागितल्यावर परत आली तिला? — माना डोलावू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

वाईला मोरेश्वर गोगटे नावाचे गृहस्थ. वीज मंडळातून निवृत्त. तीस वर्षं लोकांना एकच उपदेश — "ओल्या हातानं बटणाला हात लावू नका!" घरात, देवघराच्या शेजारी, यांचा फाइल सर्व्हर. म्हणजे काय? काळं खोकं हो! आत चार डिस्क, आणि घरातले सगळे फोटो, कागद, गाणी त्यात. यांच्या पत्नी कुंदाकाकू; त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच. आई गेली, कॅसेट बुरशीनं गेली. उरला तो आवाज त्या खोक्यात.

काकू म्हणाल्या, "अहो, हे खोकं बिघडलं तर?"

"म्हणून तर दुसरी प्रत इंटरनेटवरून दूर ठेवायची!"

आता ठेवायची कुणाकडे? आठ महिने शोध! अहो, मुलीला स्थळ बघताना एवढे हेलपाटे घातले नव्हते! एक कंपनी म्हणे, हवं तेवढं ठेवा — आणि खाली बारीक अक्षरात, 'घरचा सर्व्हर चालणार नाही'! दुसरी ठेवून घेणार झटकन, परत देणार सावकाश. शेवटी तिसरी पसंत पडली. का? तुमच्या गुप्त वाक्याशिवाय कुलूप आम्हालाही उघडणार नाही, म्हणाली!

गुप्त वाक्य कोणतं? रावांनी खोक्यातलंच लग्नाचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकून बायकोचा उखाणा टाकला. रसिक माणूस! आणि विसरू नये म्हणून लिहून ठेवला. कुठे? — त्याच खोक्यात! फाइलचं नाव, 'अति महत्त्वाचे'!

हसताय? तुमच्या कपाटाची किल्ली कुठंय?

तेवीस दिवस प्रत जात होती. पोचली ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आपण यंत्राची पूजा करतो. रावांनी खोक्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, अक्षता वाहिल्या... आणि भक्तीच्या भरात खोक्यावरच नारळ वाढवला!

फट्! पाणी जाळीतून सरळ आत! चर्रर्र... धूर! ओल्या हाताचा उपदेश करणारा माणूस — हातात दोन करवंट्या! चारही डिस्क गेल्या.

काकू मटकन खाली बसल्या. "माझी आई गेली हो पुन्हा."

"अगं, प्रत आहे ना!" रावांनी फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात, "काका, गुप्त वाक्य टाका."

"विसरलो. तुम्हीच उघडा की!"

"आम्हाला उघडता येत नाही, काका. म्हणूनच तर तुम्ही आम्हाला निवडलंत!"

घ्या! आता एकच दार उरलं. राव बायकोसमोर उभे, मान खाली. "कुंदा... तुझा लग्नातला उखाणा काय होता गं?"

"अडतीस वर्षं झाली! तुम्हाला पाठ नाही?"

"मेथी होती, एवढं आठवतं."

काकूंनी डोळे पुसले. पदर सावरला. आणि त्या मोडक्या खोक्यासमोर, नव्या नवरीसारखं लाजून म्हणाल्या —

"पानात वाढली भाजी मेथीची, मोरेश्वररावांचं नाव घेते, सून गोगट्यांची!"

कुलूप उघडलं! पहिली फाइल मागवली ती ओव्यांची. घरघर जातं... म्हातारीचा आवाज... आणि मध्येच, "कुंदे, बंद कर गं ते मेलं यंत्र, दळण राहिलंय!" काकू हसता हसता रडल्या. मला विचाराल, तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आता तुमच्याकडे वळतो. रोज माळ ओढता, नाम साठवता. उत्तम! पण परत मागून पाहिलंय कधी? सुनेच्या हातून काचेची बरणी फुटते, तेव्हा तोंडून काय बाहेर पडतं — नाम? अहो, तीच तर परीक्षा! ठेवताना सगळेच भक्त असतात, कळतं ते काढताना.

आणि पुरुष मंडळींनो, बायकोचा उखाणा आठवतोय? आता खाली काय बघता? उजवीकडे बघा, बायकांच्या बाजूला. त्यांना सगळा पाठ आहे!

टाळ उचला. आपलीही ठेव आज मागून पाहू — म्हणा, विठ्ठल!