दार नीट लागत नाही

— नाही नाही ताई, ते दार असं नाही लागत, सोडा. वर उचलावं लागतं, खांदा लावावा लागतो, तरी अर्धं उघडंच राहतं. घर विकत घ्यायला आलात तर आधीच सांगितलेलं बरं, नंतर मला शिव्या नकोत. या. जरा हळू बोला, आतल्या खोलीत आजोबा-नातू झोपलेत. हा हॉल — हॉल आपला म्हणायचा, दोघं बसले की तिसऱ्याने उभं राहायचं. ऊन? ऊन येतं म्हणजे काय, पसारा जास्त दिसतो. आणि नळाला पाणी — आत्ता धो धो येतंय ते तुम्हाला बघून, एरवी नुसता खोकतो.

घर सासऱ्यांचं. जन्मभर बस चालवली, रिटायर झाले, आता म्हणतात डोंगराखालच्या गावात राहायचं, शांततेत. शांतता घेऊन काय करणार हा माणूस? जेवताना मीठ हवं असलं की तोंडाने हॉर्न वाजवतात, खरं सांगते. सासूबाई तिथे कोंबड्या पाळणार. पाल दिसली की पलंगावर चढतात त्या, आणि म्हणे कोंबड्या. आम्ही जायचं भाड्याच्या खोलीत, कारखान्याजवळ. आमचे हे म्हणतात, त्यांचं आयुष्य आहे, जाऊ दे त्यांना. ह्यांचं काय जातंय, हे दिवसभर कारखान्यात. घरात मी आणि बाळ —

भीती? छे, भीती कसली. सातवीपर्यंत शिकले म्हणून काय मूल सांभाळता येत नाही? येतं की. फक्त तो झोपला ना, की मला वाटतं, श्वास चालू असेल ना? मग मी नाकाशी बोट धरते, मग तो उठतो, मग रडतो, मग मीही. मग बाबा येतात, सासरे माझे. त्याला मांडीवर घेतात, स्टिअरिंग धरतात — हातात काही नसतं हो, नुसती हवा — आणि घशातून इंजिन चालू. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चौथ्याला पोरगं गार. मलासुद्धा डुलकी लागते. मी करून बघितलं, तर माझं इंजिन ऐकून हसत सुटला मेला. ते गेल्यावर गिअर कोण टाकणार, कोंबड्या?

त्यांना नाही बोलले. कसं बोलू? इतकी वर्षं लोकांना ज्याच्या त्याच्या गावाला पोचवलं, आता स्वतःला कुठे जायचंय तर मी आडवी येऊ? म्हणून तुम्हाला सांगतेय. घर वाईट आहे ताई. भिंती तर इतक्या पातळ, इकडचा शब्द न् शब्द तिकडे —

उठला बघा. थांबा, आलेच मी —

थांबा. ऐकू येतंय? पहिला गिअर. म्हणजे बाबा जागे होते. मगापासून.

दुसरा टाकला.

तिसरा काही येत नाहीये. दुसऱ्यावरच राहिलेत. घाट लागला वाटतं.

तुम्ही निघा आता. दार? हलक्या हाताने ओढा. नीट लागतं ते.