वहीतले बाराशे

सिस्टर : वही खोटी नाही म्हणता, आणि रक्त तर खोटं बोलत नाही. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन आठ आलंय, ताई, एकच्या आसपास हवं. रोज बाराशे मिली लघवी होत असेल तर आठ कसं येईल?

लेक : मी स्वतः लिहिलंय, रोज संध्याकाळी आईकडे जाऊन. पाचशेच्या खाली गेलं तर त्याच पावली घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यासाठीच तर वही.

सिस्टर : मोजायचं कोण?

लेक : आई. लघवीसाठी पाठीत घातलेल्या नळीची पिशवी न्हाणीघरात दार लावून रिकामी करायची आणि मापाचं भांडं मला आणून दाखवायची. पोटच्या पोरीला कसली लाज म्हटलं, पण ऐकते कुठे?

सिस्टर : रंग कसा होता?

लेक : अगदी पाण्यासारखा. मला वाटलं, चांगलं लक्षण.

आई : माझ्याकडे काय बघताय दोघी?

लेक : आई.

आई : निम्मं नळाचं होतं. शेवटी शेवटी निम्म्याहून जास्त.

लेक : कधीपासून?

आई : गेल्या बुधवारपासून. आदल्या दिवशी सहाशेच भरलं, तर तू उशाशी बसून राहिलीस. तिकडे बाळ उपाशी, इकडे तुझा कुडता दुधाने भिजलेला. आकडा बरा दिसला की तू घरी जायचीस.

लेक : पाणी घालतो म्हणून दूधवाल्याशी जन्मभर भांडलीस.

आई : त्याला कुठे तुझ्यासारखी लेक होती.

सिस्टर : नळी तुंबलीय, मावशी. तेव्हाच आला असता तर धुऊन मोकळी झाली असती. आता बदलावी लागेल. दुसऱ्या मूत्रपिंडाची वाटही गाठीने दाबलीय, तिथेही नळी. पोटॅशियम चढलंय, ते हृदयावर येतं, म्हणून आधी डायलिसिस. डॉक्टर येतीलच, तोवर ठरवा.

आई : गर्भपिशवीचं मूळ दुखणं जाणार त्याने?

सिस्टर : गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नाही जाणार. थोडे महिने मिळतील कदाचित. नाही केलं तर झोप वाढत जाईल, माणसं ओळखू येणार नाहीत. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.

आई : मग राहू दे. टोचून टोचून चाळण झालीय माझी.

लेक : तुझी नात सात महिन्यांची आहे. तुला बघून हात वर करते, पण अजून हाक मारत नाही. तेवढी हाक तरी ऐक.

आई : पोरीची लालूच दाखवतेस मला?

लेक : हो. दुसरं काही उरलंच नाही माझ्याकडे.

(आई उशीला टेकून उठून बसते.)

आई : आणा तो संमतीचा कागद. अंगठा नको हं, सही येते मला.

सिस्टर : पिशवी रिकामी करते. ताई, लिहा. चाळीस.

लेक : चाळीस.

आई : लिहिलंस? आता घरी जा. उठली असेल ती.

लेक : सासूबाई तिला घेऊन येतायत दवाखान्यात, खाली. आणि आकडा कमी आहे, आई. मी थांबते.

आई : मग थांब जरा.