बापाचा हात

भीमाबाई : ठेव तो खाली.

वेणू : आई, तुझा हात थरथरतोय. आज मी कापते.

भीमाबाई : थरथरू दे. पन्नास वर्षं मासं कापलंय या हातानं. कोयता इकडं दे.

वेणू : चाळीस वर्षांची झाले मी.

भीमाबाई : मग? अख्ख्या कोळीवाड्यात मासा न कापता मोठी झालेली तू एकटीच. कौतुक कर.

वेणू : बायका हसतात. म्हणतात, वाचनालयातली मॅडम बोई मासळीलासुद्धा पान उलटून बघेल.

भीमाबाई : हसू दे. बापाचा हात हाय तुझा. बोटं बघ, तशीच लांब.

वेणू : बोटं लांब असली म्हणून माणूस बाबांसारखा कोयता उगारत नाही.

भीमाबाई : चढला बघ आवाज. तुझा बाप म्हादेवच बोलला.

वेणू : नाही चढला.

भीमाबाई : काल रगताचं पुस्तक वाचत व्हतीस. काय लिवलंय त्यात?

वेणू : थोडं रक्तातून येतं, थोडं वाढवण्यातून. नक्की किती, ते कुणालाच सांगता येत नाही.

भीमाबाई : मी सांगते. मी वाढवली म्हनून शानी झालीस. नायतर...

वेणू : नाहीतर काय? धर्मराज सरांना मी लग्नाला नाही म्हटलं, तेही तुझ्या या 'नाहीतर'पायीच. 'तुझ्या हातनं लेकराला काय झालं तर?' कुठली आई असं विचारते?

भीमाबाई : राग आला?

वेणू : नाही.

भीमाबाई : आला असंल तर बोल.

वेणू : नाही आला. चार वाजता लाइट जाईल, त्याआधी वाटण करून घेते.

भीमाबाई : शानी माझी बाय.

(दुसऱ्या दिवशी पहाटे भीमाबाई झोपेतच गेली. तेरावं झाल्यावर तिची नणंद कृष्णाबाई उरणहून टोपली घेऊन आली. स्वयंपाकघर तेच.)

कृष्णाबाई : बस पाटावर. जिताडा हाय, भीमाच्या आवडीचा. सुतक फिटल्यावर घरातला पयला मासा लेकीनं कापायचा.

वेणू : तूच काप आत्या. मला येत नाही.

कृष्णाबाई : येत नाय, का धरवत नाय?

वेणू : तुला माहीत आहे. बाबांनी आईवर कोयता उगारला होता. माझा हात त्यांचा आहे.

कृष्णाबाई : कोन बोललं?

वेणू : आई. आणि तू शेजारी बसून ऐकायचीस.

कृष्णाबाई : शपथ घातली व्हती मला. घालनारी गेली आता. वेणू, कोयता भीमाच्या हातात व्हता.

वेणू : काय?

कृष्णाबाई : कालवन करपलं म्हनून म्हादेव हसला. बस, हसलाच. त्याच्या मनगटाला सात टाके पडले. तू दारात उभी, तीन वर्षांची.

वेणू : मग बाबा घर सोडून का गेले?

कृष्णाबाई : भीमाच त्याला बोलली, तू समोर असलास का मला माझीच भीती वाटते. आला उरनला माझ्याकडं. घर सोडताना सांगून गेला, पोरीला सांगा बापानं उगारला. तिला आईजवळ न घाबरता झोपायचं हाय. वर्षभरात काविळीनं गेला.

वेणू : आणि ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. सदतीस वर्षं.

कृष्णाबाई : तुझ्यात म्हादेवाला नव्हती बघत ती, सोताला बघत व्हती.

वेणू : कळलं.

कृष्णाबाई : परत कदी कोनावर हात नाय उगारला तिनं. तेवढं तिच्या बाजूनं बोलते.

वेणू : टोमणे मारायची, पण ओरडली कधीच नाही. मला वाटायचं, हिचा स्वभावच थंड. आपल्यालाही तसं होता आलं पाहिजे. पुष्कळ प्रयत्न केला मी, आत्या.

कृष्णाबाई : रडतेस?

वेणू : नाही. दे तो कोयता.

कृष्णाबाई : घट्ट धर. शेपटीकडनं डोक्याकडं. आदी खवलं काढ. घाई नाय.

वेणू : आई...

कृष्णाबाई : मोठ्यानं बोल. आपन दोघीच हाव.

वेणू : आई, मला तुझा राग येतो. त्या दिवशीही आला होता. आजही येतोय, खूप येतोय. आणि बघ, कोयता माझ्या हातात आहे, मी खवलं काढतेय.