धुरपताच्या पुस्तकातली आई

सन्माननीय अध्यक्ष बबनराव, मुख्याध्यापिका सुमित्राबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, पालकहो, आणि माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मानपत्रात लिहिलं आहे, की घंटेआधी मी एकाही मुलाला कधी घरी सोडलं नाही. वाचताना बबनरावांचा आवाज भरून आला. मला मात्र राग आला. लिहिण्याआधी मला एकदा विचारायचं तरी होतं! ती ओळ खोडावी, ही विनंती. का, ते सांगते.

साल १९७९. नालवाडीच्या या शाळेत पहिलीसाठी चित्रांची पुस्तकं आली. विषय काय, तर एका कुटुंबाची समुद्रकाठची सहल. पाठवणाऱ्याने वर्धा नकाशात पाहिलं होतं का? असो. आई, बाबा, दोन मुलं, आणि पानाला एक वाक्य. पाचव्या पानावर होतं, 'समुद्राला भरती आली.'

धुरपता उठली. तिची आई रामबाई आठ दिवसांपासून दवाखान्यात होती, इथून दहा मिनिटांवर. आपल्याकडे मुलांना 'भरती' माहीत असते ती दवाखान्यातलीच.

"बाई, समुद्राले बी भरती केलं काय?"

वर्ग हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मग समजावलं, की पाणी वर चढतं आणि पुन्हा आपल्या जागी जातं. तिने विचारलं, परत जातेच काय? मी म्हणाले, जातंच, रोज.

शेवटच्या पानावर चौघं घरी निघतात, पाठमोरी. धुरपताने पुस्तक माझ्यासमोर धरलं. तिघंच होती. आईच्या जागी कोरा कागद. वाळूवर तिची सावली मात्र होती.

"याच्यात माय नाई, बाई. मले दवाखान्यात जाऊ द्या."

मी म्हणाले, रंग उमटला नसेल, बस खाली. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. ती रडली नाही. त्या सावलीवर बोट ठेवून बसून राहिली.

घंटा झाली तेव्हा तिचा मामा गोमाजी दारात उभा होता. रामबाई नुकतीच गेली होती. "धुरपताले आना म्हने, बाई," तो म्हणाला, "पन रामबाईले एकटं सोडून मी येऊ कसा?"

ती दोघं गेल्यावर मी पुस्तकं गोळा केली. धुरपताचं उघडलं. आई होती. बाकीच्या एकोणतीस पुस्तकांत ती पाठमोरीच होती. या एकात तिने मान वळवली होती आणि ती बाकांकडे पाहत होती, बाजारात हरवलेलं मूल शोधावं तशी. पदरातून पाणी गळत होतं.

पुढे तपासणीच्या साहेबांना ते पान दाखवलं, घडलेलं सांगितलं. म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने असं बोलावं? अहो, शिकले म्हणूनच चारपर्यंत मोजता येतं! त्यांनी पुस्तक मिटलं आणि हात रुमालाला पुसले. रुमाल ओला झाला.

आपण सगळे कामं टाकून आलात, मी आभारी आहे. शब्द तिखट लागले असतील तर अध्यक्षांनी पोटात घालावेत. एक माफी मात्र सभागृहाकडे मागून भागणार नाही. धुरपता, तू शेवटच्या रांगेत बसली आहेस, मी पाहिलंय. तुझी माय तुला बोलावत होती आणि मी तुला खाली बसवलं. जमलं तर माफ कर. नाही जमलं, तर तेही मला मान्य आहे.