समुद्रातला गाळ

माझं लग्न गाळानं जमवलं म्हटलं तर तुमी हसाल, पण खरं हाय. मी बंदरात गाळ काढायच्या जहाजावर कामाला. सुट्टीत भालकीला आलो अन् मामाला घेऊन हळ्ळीखेडला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांनी, अप्पांनी, पोह्यांच्या आधीच इचारलं, "तुमी नेमकं काय करायलात?"

"समुद्रातली जहाजांची वाट खोल अन् रुंद करायलाव. कंटेनरची मोठी जहाजं तळाला टेकू नयेत म्हणून."

"मग गाळ कुठं टाकता? आमी तळ्यातला शेतात टाकतो."

"ह्यो खारट असतोय, अप्पा. लांब नेऊन समुद्रातच सोडतो."

"समुद्रातला काढून समुद्रातच? परत येत न्हाई का?"

मामा मला कोपरानं ढोसायला लागला. पण खोटं कामून बोलायचं? म्हटलं, "येतोय की. दरसाल वाट भरतीय, दरसाल काढावा लागतोय."

मामाची नजर दारातल्या चपलांवर गेली. तेवढ्यात अप्पांनी आत हाक मारली, "पोहे आणा गं. समुद्र आटल्याबिगर ह्या पोराची नोकरी जात न्हाई."